पेट्रोल पंपावरील नोकर व अग्निशिक्षण

आम्हां बोरगावच्या धान्य-व्यापाऱ्यांस गोदामात आग दिसली की प्रथम पाण्याची बादली आठवते. ज्या सभासद बंधूंचे पेट्रोल पंप आहेत, त्यांच्या नोकरांस मात्र हीच सवय घातक ठरेल. पेट्रोल पाण्याहून हलके. ते पाण्यावर तरंगत जाऊन आग पसरविते. म्हणून प्रथम विजेची मुख्य कळ बंद करावी; नंतर वाळू, फेस किंवा कोरडी भुकटी वापरावी. भुकटीचा मारा ज्वाळेच्या शेंड्यावर नव्हे, बुडाशी करावा.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात प्रत्येक नोकराकडून आग विझविण्याचे नळकांडे एकदा तरी प्रत्यक्ष चालवून घ्यावे, ही आमची विनंती. भिंतीवर टांगलेले नळकांडे मालकाचे समाधान करते. नोकराचा जीव वाचवितो तो सरावच.