ट्राउटच्या नजरेतली माशी

इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात, एव्हन नदीच्या वरच्या भागाची राखण फ्रँक सॉयर यांच्याकडे होती. नदीतले गवत कापणे, काठ सांभाळणे, ट्राउट माशांची निगा राखणे हे त्यांचे रोजचे काम. सतत पाण्यापाशी वावरल्यामुळे मासे काय खातात आणि कशाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे त्यांना बारकाईने टिपता आले. त्यातून त्यांनी गळावर एक नकली किडा बांधला. त्याला साहित्य दोनच: फेझंट पक्ष्याच्या शेपटीतल्या पिसाचे तंतू आणि केसाइतकी बारीक तांब्याची तार. ‘फेझंट टेल निम्फ’ या नावाचा तो किडा आज जगभरातल्या ट्राउटच्या नद्यांवर वापरला जातो.

ट्राउट हा थंड, वाहत्या आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातला मासा. पाण्याचे तापमान 20 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की त्याला त्रास होतो. पाण्यातले कीटक हा त्याच्या आहाराचा मोठा भाग, आणि त्यांत मेफ्लायचे स्थान महत्त्वाचे. मेफ्लायचे जवळजवळ सगळे आयुष्य पाण्याखाली, दगडांच्या आड, ‘निम्फ’ या पंख नसलेल्या अवस्थेत जाते. वाढ पूर्ण झाली की निम्फ वर येतो, कात टाकतो आणि पंख उलगडून उडतो. पंख फुटलेला मेफ्लाय काहीच खात नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचे, एवढेच त्याचे काम उरते; अनेक जातींत हे सगळे एक-दोन दिवसांत आटोपते. ट्राउट या प्रत्येक टप्प्यावर टपून असतो. पुष्कळदा मात्र तो एका वेळी एकाच अवस्थेतले कीटक वेचत राहतो आणि बाकीचे सोडून देतो. म्हणून किडा बांधणाऱ्याला आधी नदी वाचावी लागते.

हे नकली आमिष इतके हलके असते की नुसते भिरकावले तर पायाशीच पडेल. त्यामुळे फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे अशा नकली माशीने केलेल्या मासेमारीत, वजन दोरीत असते. ट्राउटसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाच नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट सुमारे 9 ग्रॅम भरतात. काठी मागे-पुढे झुलवली की ही जाड दोरी हवेत उलगडत जाते. तिच्या टोकाला निमुळता होत गेलेला पारदर्शक धागा असतो आणि त्याच्या शेवटी तो किडा.

ही कला जुनी आहे. इसवी सन 200च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातल्या कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवत. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 साली तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिले आणि पृष्ठभागावरच्या मासेमारीला शास्त्राची शिस्त दिली. 1910 साली जी. ई. एम. स्क्यूझ यांनी पाण्याखालच्या निम्फची बाजू मांडली. सॉयर यांचे काम याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते.

सॉयर यांची बांधणी साधी आहे. गळ व्हाइस नावाच्या चिमट्यात पकडायचा आणि तांब्याची तार गुंडाळून छातीच्या जागी उंचवटा करायचा. मग पिसाचे चार तंतू असे बांधायचे की त्यांची टोके शेपटी म्हणून मागे राहतील. उरलेले तंतू तारेला पीळ देऊन पुढे गुंडाळत न्यायचे आणि छातीवर पुढे-मागे दुमडून पंखांची घडी दाखवायची. पाय मुळीच लावायचे नाहीत, कारण पोहताना निम्फ पाय अंगाशी घेतो हे सॉयर यांनी पाहिले होते. तार इथे दोऱ्याचे काम करते, किडा बुडवते आणि तंतूंमधून किंचित चमकतेही.

तरंगत्या माशीची गरज वेगळी. तिच्यासाठी कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस गळाभोवती गुंडाळतात. त्याचे पसरलेले तंतू माशीला पाण्यावर तोलून धरतात. लेनर्ड हॅलाडे यांनी 1922 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बांधलेली ‘अ‍ॅडम्स’ अशीच आहे. राखाडी लोकरीचे अंग, तपकिरी आणि ठिपकेदार पिसांचे मिश्रण. ती कोणत्याही एका कीटकाची हुबेहूब नक्कल नाही, तरी मासे तिला फसतात. आकारमान, खालून दिसणारी बाह्याकृती आणि पाण्यातली जागा साधली, की बारीक नक्षीवाचून अडत नाही. अट एकच: माशी प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे. दोरीने तिला जरा ओढले, मागे रेघ उमटली, की सावध ट्राउट तोंड फिरवतो.

पिसांच्या या व्यापाराचा एक धागा सह्याद्रीपर्यंत येतो. आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे पिवळट-पांढरे ठिपके असतात. सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या भरजरी माश्यांमध्ये त्यांना ब्रिटनमध्ये मोठी मागणी होती. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पक्षी संरक्षित आहे, आणि तो तसाच राहायला हवा. ट्राउटची उत्तम माशी बांधायला पाळीव कोंबड्याचे पीस पुरते.

भारतात हा खेळ पाहायचा तर काश्मीर गाठावे. ब्राउन ट्राउटची अंडी ब्रिटनहून आणण्याचा पहिला प्रयत्न फसला. 1900 साली आलेली खेप जगली आणि पुढे तिथल्या नद्यांत हा मासा रुजला. पहलगामच्या लिद्दर नदीत उन्हाळ्याच्या सुरुवातीला वितळलेल्या बर्फाचे गढूळ, जोरकस पाणी येते. तेव्हा तळाशी जाणारा जड निम्फ कामाचा. सप्टेंबरच्या सुमारास पाणी उतरून नितळ झाले की तरंगती माशीही चालते. परवाना घेऊन नदीवर गेल्यावर काठी जोडण्याआधी उथळ पाण्यातला एखादा दगड उलटून पाहावा. त्याला चिकटलेल्या निम्फचा आकार आणि रंग पाहूनच डबीतला किडा निवडावा.