खातं दिल्लीचं, काम आपल्या गल्लीचं

परराष्ट्र मंत्रालय म्हटलं की काय आठवतं? जयशंकर, हस्तांदोलनं, शिखर परिषदा. पण शिरूर-दौंडच्या कॉलेजकट्ट्यावर बसलेल्या तुमच्याशीही या खात्याचा थेट संबंध आहे बरं का!

तुमचा पासपोर्ट हेच खातं देतं. चौकशी तेवढी आपल्या पोलीस ठाण्याची. बाहेर शिकायला जाताय? डिग्रीवर ‘अपोस्टिल’चा शिक्काही यांचाच.

आता खरा मुद्दा. ‘थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगचा जॉब, पगार तगडा’ असा मेसेज आला तर लगेच हुरळून जाऊ नका. अशाच जाहिरातींना भुललेल्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रालयानेच तसा इशारा दिला होता.

मग करायचं काय? एजंट नोंदणीकृत आहे का, ते ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा. त्याला ३० हजार रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. ‘टुरिस्ट व्हिसावर चल, पुढचं बघू’ म्हणाला, की सरळ नाही म्हणा. तरी कुणी अडकलंच, तर तिथला भारतीय दूतावास आणि २०१५ पासून सुरू असलेलं ‘मदद’ पोर्टल आहे.

बॅग नंतर भरा. आधी एजंटचं नाव तपासा!