एक दांडी, तीन नावे

एका विद्यार्थ्याने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्याच्या घरी ट्रॅक्टर आहे. चालकाच्या हाताशी, स्टीअरिंगच्या चाकाजवळ एक लहानशी दांडी असते. त्याचे आजोबा तिला ‘रेस’ म्हणतात, वडील ‘ॲक्सिलरेटर’ म्हणतात आणि ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेत तिचे नाव ‘हँड थ्रॉटल’ असे छापले आहे. “सर, यांतले बरोबर नाव कोणते?”

प्रश्न साधा वाटला. पण विचार केल्यावर “खरे म्हणजे एकही नाही” असेच उत्तर द्यावे लागले. ही नावे दुसऱ्या यंत्रांकडून उसनी आलेली आहेत. नुसता नावांचाच घोळ असता तर तो भाषेच्या शिक्षकांवर सोपवता आला असता. परंतु यंत्राच्या नावावरून आपण त्याच्या वागणुकीची कल्पना करत असतो. ती कल्पना चुकीची असेल, तर प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून ही नावे एकेक करून तपासून पाहू.

गळा दाबणारी झडप

‘थ्रॉटल’ या इंग्रजी शब्दाचे नाते गळ्याशी आहे. गळा आवळून श्वास कोंडणे, हा त्याचा अर्थ. वाफेच्या इंजिनात बाष्पकाकडून येणाऱ्या नळीत एक झडप असे. ती अर्धवट मिटली की नळीचा जणू गळाच आवळला जाई, वाफ कमी येई आणि इंजिन मंदावे. या झडपेला थ्रॉटल हे नाव अगदी शोभून दिसते.

पुढे पेट्रोल इंजिन आले. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ठिणगीने नीट पेटावे म्हणून त्यांचे प्रमाण सांभाळावे लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. त्यामुळे पेट्रोल कमी करायचे तर हवाही कमी करावी लागते. त्यासाठी हवेच्या वाटेत एक फिरती चकती बसवतात. चकती मिटली की इंजिनाचा श्वास कोंडतो. येथेही थ्रॉटल हे नाव सार्थ आहे. स्कूटरची मूठ पिळली की हीच झडप उघडते.

आता ट्रॅक्टरकडे वळू. आपल्याकडचे ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या आत घेतलेल्या हवेचे आकारमान सुमारे सोळा ते अठरापटींनी कमी करतो. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि तीत उडवलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा गरजेपेक्षा जास्त असली तरी काही बिघडत नाही. म्हणून साध्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप नसते. इंजिन नेहमी छातीभर श्वास घेते. कमीजास्त होते ते फक्त डिझेल, आणि तेही इंधन पंपात. (प्रदूषण कमी करण्यासाठी अलीकडच्या काही डिझेल इंजिनांत हवेची झडप बसवतात, पण तिचे काम वेगळे असते.)

थोडक्यात, ज्या इंजिनाचा गळा कोणी दाबतच नाही, त्याच्या दांडीला आपण ‘गळा दाबणारी’ म्हणतो!

त्वरण कोठे आहे?

ॲक्सिलरेटर म्हणजे त्वरण देणारा. मोटारीत पाय दाबला की वेग वाढतो, म्हणून हे नाव पडले. ‘रेस’चा अर्थही जवळपास तोच: पळव, वेग वाढव. ट्रॅक्टरची दांडी पुढे सरकवली की इंजिनाचे फेरे वाढतात, हे खरे आहे. पण ते नव्या वेगापाशी येऊन थांबतात आणि तेथेच टिकून राहतात. चढ आला, नांगर खोल गेला, तरी दांडीला हात न लावता वेग जवळजवळ तेवढाच राहतो. वेग बदलणे हे या दांडीचे खरे काम नसून वेग ठरवून देणे हे आहे.

स्कूटरची गोष्ट याच्या उलट. मूठ एका जागी धरून चढ चढू लागा; वेग पडतो आणि मूठ आणखी पिळावी लागते. तेथे वेग सांभाळण्याचे काम आपण स्वतः करतो. मग ट्रॅक्टरवर ते कोण करते?

सुकाणू धरणारा

ते काम करतो गव्हर्नर. हा शब्द ऐकून राज्यपाल आठवतील, पण त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून मूळ अर्थ आहे सुकाणू धरणारा नावाडी. त्याच ग्रीक शब्दावरून १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी ‘सायबरनेटिक्स’ या शास्त्राचे नाव घेतले.

पिठाच्या गिरण्यांमध्ये आधीपासून माहीत असलेली ही युक्ती जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडली. इंजिनाबरोबर फिरणारे दोन गोळे वेग वाढला की बाहेर फाकतात आणि वाफेची झडप थोडी मिटवतात. वेग घटला की गोळे जवळ येतात व झडप उघडते. दिसायला हे यंत्र साधे, पण त्यामागचे गणित साधे नाही. १८६८ मध्ये मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला.

ट्रॅक्टरच्या इंधन पंपातल्या गव्हर्नरमध्ये अशीच फिरती वजने असतात. ती बाहेर फाकली की डिझेल कमी होते. त्यांच्या विरुद्ध बाजूने एक स्प्रिंग डिझेल वाढवू पाहते. दोघांची ओढ सारखी झाली की वेग स्थिर होतो. आपली दांडी जोडलेली असते ती या स्प्रिंगला! दांडी पुढे केली की स्प्रिंगचा ताण वाढतो. मग तिला तोलून धरण्यासाठी वजनांना जास्त वेगाने फिरावे लागते.

समजा, आपण दांडी १५०० फेऱ्यांवर ठेवली. मळणी यंत्रात पेंढी गेली की भार वाढतो आणि फेरे १४५० वर येतात. वजने किंचित मिटतात, स्प्रिंग वरचढ होते, डिझेल वाढते आणि इंजिन नव्या भाराला पुरे पडते. पेंढी संपली की याच्या उलट घडते. ट्रॅक्टरने चालवायच्या यंत्रांना मिनिटाला ५४० फेरे देण्याची पद्धत रूढ आहे. गव्हर्नरशिवाय इतका स्थिर वेग राखता येणार नाही. मळणी चालू असताना सुरक्षित अंतरावर उभे राहून कान द्या. पेंढी जाताच आवाज जड होतो, धूर थोडा काळवंडतो आणि चालकाचा हात तर दांडीवर नसतोच.

म्हणजे फरक असा: स्कूटरच्या मुठीने आपण इंजिनाचा जोर ठरवतो आणि वेग रस्त्यावर अवलंबून राहतो. ट्रॅक्टरच्या दांडीने आपण वेग ठरवतो आणि जोर गव्हर्नर ठरवतो.

नावाची किंमत

हा फरक कळला नाही तर काय होते? ट्रॉली चिखलात रुतली आहे असे समजा. चालक म्हणतो, “मी रेस वाढवलीच नाही, तेव्हा भीती नाही.” पण भाराखाली फेरे घटू लागताच गव्हर्नर त्याला न विचारता पंपाच्या कमाल मर्यादेपर्यंत डिझेल वाढवतो. इंजिन मागचा आस पुढे फिरवू पाहते. चाके जखडलेली असली तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती मागे फिरू लागते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो. अशा वेळी दांडी शोधत बसू नये. ताबडतोब क्लच दाबून इंजिन आणि चाके यांचा संबंध तोडावा. भारही नेहमी खालच्या ओढदांड्यालाच जोडावा, आसाच्या वर कधीही जोडू नये.

दुसरी गोष्ट पायाच्या पेडलची. हाताची दांडी आणि पेडल दोन्ही एकाच गव्हर्नरला हुकूम देतात आणि त्यांतला मोठा हुकूम चालतो. हाताची दांडी वर राहिली असेल तर पाय उचलूनही इंजिन मंदावत नाही. म्हणून रस्त्यावर निघण्यापूर्वी दांडी अगदी खाली आणली पाहिजे.

तिसरा घोळ ‘चोक’चा. पेट्रोल इंजिनाचा चोक हवा अडवून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवतो, म्हणजे थंड इंजिन लवकर सुरू होते. पुष्कळ ट्रॅक्टरांवर तशीच ओढायची मूठ असते आणि काही जण तिलाही चोक म्हणतात. ती मात्र डिझेल पूर्ण बंद करून इंजिन थांबवते. थंडीत सकाळी कोणी ती ‘चोक’ समजून ओढून धरली, तर बॅटरी उतरेल पण इंजिन सुरू होणार नाही. उलट संकटाच्या वेळी कोणी मोटारसायकलच्या सवयीने किल्ली फिरवली, तर अनेक जुन्या ट्रॅक्टरांचे इंजिन चालूच राहते, कारण किल्ली फक्त वीज तोडते आणि डिझेलला पेटायला ठिणगी लागत नाही. तेथे तीच मूठ ओढली पाहिजे. तुमच्या घरच्या ट्रॅक्टरचे इंजिन कशाने थांबते, हे आजच वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.

मग दांडीला म्हणावे तरी काय? मी त्या विद्यार्थ्याला ‘वेग-नेमणूक दांडी’ हे नाव सुचवले. आजोबांना ते पसंत पडेल असे त्याला वाटले नाही. मग मी त्याला दांडीशेजारची खूण पाहून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो हसतच आला. अनेक ट्रॅक्टरांवर असतात तशी त्यांच्याही ट्रॅक्टरवर दोन चित्रे होती: एका टोकाला ससा, दुसऱ्या टोकाला कासव. त्यांत गळा नाही, त्वरणही नाही. फक्त वेग सांगितला आहे. जे शब्दांना साधले नाही ते त्या दोन प्राण्यांनी साधले. आजोबांनी खुशाल ‘रेस’ म्हणावे. ससा जोर दाखवत नाही, वेग दाखवतो, एवढे घरात सर्वांना ठाऊक असले म्हणजे झाले.