दोन राजांचा एक वकील : सर वॉल्टर मॉंक्टन आणि आपला जिल्हा

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात ‘निजामाचा सल्लागार’ म्हटले की जाणत्या माणसांना आठवतात ते मार्लवाईचे हायमेनडॉर्फ साहेब. कुमरम भीम १९४० साली जोडेघाटात मारला गेला. त्यानंतर गोंडांचे खरे दुखणे काय, हे समजून घ्यायला हैदराबाद सरकारने या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला आणले आणि १९४५ मध्ये आदिवासी व मागासवर्गीयांसाठीचे सल्लागार नेमले. त्यांच्याविषयी आपल्या मंडळात पुष्कळदा बोलणे झाले आहे, म्हणून आज ते पुन्हा सांगत बसत नाही.

पण निजामाला दुसराही एक गोरा सल्लागार होता. डोंगरातल्या पायवाटांशी त्याचा संबंध नव्हता. त्याचे काम लंडनच्या कोर्टात, दिल्लीच्या व्हाइसरॉय हाउसमध्ये आणि हैदराबादच्या किंग कोठीत चाले. त्याचे नाव सर वॉल्टर मॉंक्टन. इंग्लंडच्या इतिहासात तो आठव्या एडवर्ड राजाचा सल्लागार म्हणून ओळखला जातो, आणि आपल्या इतिहासात सातव्या निजामाचा. एकाच वकिलाने दोन राजांच्या कारकिर्दीचा शेवट जवळून पाहिला. एका राजाने त्याचे ऐकले, दुसऱ्याने ऐकले नाही. न ऐकण्याची किंमत कोणी मोजली, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

आधी माणूस कोण ते पाहू. जन्म १७ जानेवारी १८९१, इंग्लंडच्या केंट परगण्यातला. शिक्षण हॅरो शाळेत आणि मग ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात. १९१३ मध्ये तो ऑक्सफर्ड युनियन या प्रसिद्ध वादसभेचा अध्यक्ष झाला. त्याच सुमारास राजपुत्र एडवर्ड ऑक्सफर्डला शिकत होता, तिथली ही ओळख. एका डोळ्याने त्याला जवळजवळ दिसत नव्हते, तरी पहिल्या महायुद्धात तो लढला आणि ‘मिलिटरी क्रॉस’ मिळवून आला. १९१९ मध्ये बॅरिस्टर, १९३० मध्ये ‘किंग्ज काउन्सेल’ आणि १९३२ मध्ये राजपुत्राचा, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा, मुख्य कायदा अधिकारी. याच दशकात निजामाचे वकीलपत्रही त्याच्याकडे आले.

आता कोणी विचारेल, निजामाला लंडनचा वकील कशाला हवा होता? तर त्याचे कारण असे. संस्थानाचे सगळे भवितव्य इंग्रजांशी केलेल्या तहांवर टेकलेले होते. १९३५ च्या कायद्याने हिंदुस्थानचे संघराज्य करायचे ठरत होते. त्यात शिरायचे की नाही, शिरायचे तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न सर्व संस्थानिकांपुढे होता. शिवाय निजामाच्या काळजात एक जुना सल होता, तो वऱ्हाडचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर ते त्यांना कायमचे पट्ट्याने दिले गेले. पैनगंगेच्या पुलावरून पाटणबोरीकडे जाताना आपण आज तेलंगणातून महाराष्ट्रात जातो. त्या वेळी नदीच्या अलीकडे निजामशाही होती, आणि पलीकडे कागदावर निजामाची पण प्रत्यक्षात इंग्रजांची जमीन होती. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया, आणि मध्ये करोडगिरीचा नाका!

२६ ऑक्टोबर १९३६ रोजी वऱ्हाडचा नवा करार झाला. कारभार इंग्रजांकडेच राहिला, पण मालकी निजामाची हे मान्य झाले आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. या करारात एका बाजूला निजाम होता आणि दुसऱ्या बाजूला सम्राट आठवा एडवर्ड. या राजाने जेमतेम अकरा महिने राज्य केले. करार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या कोर्टात वॉलिस सिम्प्सन या अमेरिकन बाईचा घटस्फोट मंजूर झाला. राजाला तिच्याशीच लग्न करायचे होते.

इथून मॉंक्टनची खरी कसोटी सुरू झाली. पंतप्रधान बाल्डविन आणि मंत्रिमंडळ लग्नाच्या विरुद्ध होते. राजा हा चर्चचाही प्रमुख, आणि बाई दोनदा घटस्फोटित. नोव्हेंबरच्या मध्यात राजाने मॉंक्टनला आपल्या आणि पंतप्रधानांच्या मधला दुवा नेमले. त्याचे काम निरोप्याचे नव्हते. राजाचे म्हणणे मंत्र्यांना झेपेल अशा शब्दांत मांडायचे, मंत्र्यांचे म्हणणे राजाला झोंबणार नाही अशा बेताने सांगायचे, आणि दोन्हीकडे खोटे बोलायचे नाही. बोलायला सोपं, करायला महाकठीण.

मॉंक्टनने एक तोडही सुचवली होती. घटस्फोट पक्का व्हायला सहा महिने लागत. तेव्हा राजत्यागाच्या कायद्याबरोबरच तो घटस्फोट लगेच पक्का करणारा दुसरा कायदाही करावा, म्हणजे राजा गादीही गमावून बसला आणि बाईही मिळाली नाही असे होणार नाही. मंत्रिमंडळाने ती मानली नाही. तरी राजाने शेवटी वास्तव स्वीकारले. १० डिसेंबर १९३६ रोजी तीन भावांच्या साक्षीने त्याने राजत्यागाच्या दस्तावर सही केली आणि दुसऱ्या रात्री रेडिओवरून प्रजेचा निरोप घेतला. रक्ताचा थेंब सांडला नाही. नव्या राजाने, सहाव्या जॉर्जने, १९३७ च्या नववर्षदिनी मॉंक्टनला ‘सर’ केले. दोन्ही भावांचा विश्वास त्याच्यावर होता, हे त्यावरून दिसते. पुढे १९४० मध्ये या माजी राजाला, म्हणजे ड्यूक ऑफ विंडसरला, लिस्बनहून बहामाला जायला राजी करण्याचे नाजूक कामही त्याच्याकडेच आले.

आता आपल्याकडे येऊ. १९४७ उजाडले तेव्हा हैदराबाद हे हिंदुस्थानातले सर्वांत मोठ्या वस्तीचे संस्थान होते. सुमारे ८२ हजार चौरस मैल मुलूख, वस्ती १ कोटी ६० लाखांच्या वर. बहुसंख्य प्रजा हिंदू. भाषा तेलुगू, मराठी, कन्नड. आणि सरकारी कारभार उर्दूत. आपल्या जिल्ह्यात तेव्हा किनवट आणि राजुरा हे मराठी तालुकेही होते. इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहू असे निजामाने जून १९४७ मध्ये जाहीर केले. नकाशा पाहिला तर संस्थानाला समुद्र कुठेच लागत नाही. म्हणून गोव्याचे मार्मागोवा बंदर मिळावे यासाठी पोर्तुगिजांकडे खटपटही झाली.

मॉंक्टन निजामाचा घटनात्मक सल्लागार. व्हाइसरॉय आणि पुढे गव्हर्नर जनरल झालेल्या माउंटबॅटनशीही त्याची चांगली ओळख. सामीलनाम्यावर सही करायला निजाम तयार नाही आणि सही झाल्याखेरीज सरदार पटेल समाधानी नाहीत, अशा पेचात मधला मार्ग निघाला, तो एका वर्षाच्या ‘जैसे थे’ कराराचा. वाटाघाटींत मॉंक्टनबरोबर पंतप्रधान छतारीचे नवाब आणि सर सुलतान अहमद होते. ऑक्टोबरअखेर मसुदा तयार झाला. निजामाच्या कार्यकारी मंडळाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी स्वीकारला. निजामानेही होकार दिला. फक्त सही राहिली होती.

आणि २७ ऑक्टोबर १९४७ ची पहाट उजाडायच्या आत कासिम रझवीच्या रझाकारांच्या हजारोंच्या जमावाने या तिघांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ त्या सकाळी दिल्लीला निघणार होते, ते निघू शकले नाही. इप्सविचच्या घटस्फोटाला त्या दिवशी बरोबर अकरा वर्षे पूर्ण होत होती. हा नुसता योगायोग. पण मला नेहमी वाटते की आपल्याच अशिलाच्या राजधानीत कोंडला गेलेला हा वकील त्या पहाटे काय विचार करत असेल? तिघांनीही त्या कामातून अंग काढले. मुईन नवाज जंगचे नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले आणि २९ नोव्हेंबरला सही झाली. गंमत म्हणा की दुर्दैव, करार जवळजवळ तोच होता. महिनाभराच्या ओढाताणीत निजामाच्या पदरात नवे काही पडले नाही. गेली ती पत. निजामाच्या शब्दापेक्षा रझाकारांचा जमाव मोठा, हे दिल्लीला कळून चुकले.

‘जैसे थे’ हा शब्द दिल्लीत बरा वाटत असेल. आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा झाला. माझी आजी त्या सालाला ‘रझाकारी’ म्हणायची, १९४८ असं तिने कधी म्हटलं नाही. ती सांगायची, संध्याकाळी दिवा लावायचा नाही, लावला तर सुपाआड. दागिने चुलीजवळ पुरलेले. तिच्या माहेरची माणसं एका रात्री गुरंढोरं हाकत पैनगंगेचं पाणी तुडवून पल्याड गेली, ती सुगी बुडवून दसऱ्याला परत आली. तिकडच्या सोयऱ्यांनी त्यांना ओसरीवर महिनोन्‌महिने ठेवून घेतलं. त्याच सीमेवर, नदीपल्याड उमरखेडला आणि चांद्याला, स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. करोडगिरीचे नाके जाळणे, लोकांना धीर देणे हे काम तिथून चाले. म्हणजे करार होऊनही दोन्ही काठांना शांतता नव्हती. जैसे थे काहीच राहिले नव्हते.

१९४८ मध्ये मॉंक्टन पुन्हा आला आणि दिल्ली-हैदराबाद अशा खेपा घालू लागला. जूनमध्ये शेवटचा मसुदा तयार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांत हिंदुस्थान सरकारचा शब्द अखेरचा, संस्थानी फौज २० हजारांवर नाही, रझाकार टप्प्याटप्प्याने मोडीत, जबाबदार राज्यपद्धती, आणि सामील व्हायचे की नाही यावर लोकांचे मत. सरदारांना हे फार सैल वाटत होते, तरी माउंटबॅटनच्या आग्रहाखातर त्यांनी ते चालवून घेतले. त्याहून चांगल्या अटी निजामाला मिळणे शक्य नव्हते, हे मॉंक्टनला पक्के ठाऊक होते. निजामाने नकार दिला. २१ जूनला माउंटबॅटन मायदेशी गेले. मॉंक्टनच्या हातातही काही उरले नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूर, बेजवाडा आणि इतर बाजूंनी हिंदी फौजा शिरल्या. १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. आपण सुटलो. आजी म्हणायची, त्या दिवशी गावानं पहिल्यांदा उघड्यावर दिवे लावले. पण इतिहास सांगायचा तर अर्धा सांगू नये. पोलीस ॲक्शननंतर, विशेषतः उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशीही पुष्कळ मुसलमान माणसे सुडापोटी मारली गेली. सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने ते नोंदवले आहे. जूनमध्ये सही झाली असती तर, असे राहून राहून वाटते ते त्या माणसांसाठीही.

मॉंक्टन इंग्लंडला परतला आणि त्याचा चढता काळ सुरू झाला. १९५१ मध्ये पार्लमेंटात निवडून आला. चर्चिलच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री, ईडनच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री. १९५६ मध्ये सुएझवरच्या कारवाईला मंत्रिमंडळात त्याचा विरोध होता, आणि तो संरक्षणखात्यातून दुसऱ्या पदावर गेला. १९५७ मध्ये उमराव, मिडलँड बँकेचा अध्यक्ष, एम.सी.सी. या क्रिकेट क्लबचाही अध्यक्ष. ९ जानेवारी १९६५ रोजी तो वारला.

त्याच्याविषयी आपले मत काय असावे? काही जण म्हणतात, भाडोत्री वकील; एका एकतंत्री राजाची बाजू पैसे घेऊन लढला. ते खोटे नाही. त्याच्या मसुद्यांमुळे निजामाला वेळ मिळाला, आणि तो वेळ रझाकारांनी आमच्या गावांत घालवला. पण दुसरीही बाजू आहे. दोन्ही वेळा त्याने आपल्या अशिलाला रक्तपाताशिवाय बाहेर पडायची वाट काढून दिली. एडवर्डला गादी सोडायची होती, ती सोडून तो स्वतः गेला. भोगले ते त्याने एकट्याने. निजामाला गादी सोडायचीही गरज नव्हती, थोडा अधिकार सोडायचा होता. पोलीस ॲक्शननंतरही तो किंग कोठीतच राहिला आणि १९५० ते १९५६ राजप्रमुखही होता. नदीतून रात्री गुरे हाकली ती दुसऱ्यांनी. सल्लागार कितीही हुशार असो, त्याच्या हातात लेखणी असते, सही नसते.

१ नोव्हेंबर १९५६ ला किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल आपल्या जिल्ह्यातून तुटून मराठी मुलखात गेले. आपण इकडे राहिलो. त्यामुळे ‘रझाकारी’च्या आठवणी आता दोन राज्यांत विखुरल्या आहेत. मॉंक्टनची कागदपत्रे ऑक्सफर्डला जपून ठेवलेली आहेत. आपली आहेत ती पेट्यांत आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यात. तेव्हा मंडळींना विनंती अशी की ज्यांच्या घरी त्या दोन वर्षांतली पत्रे, हाली सिक्क्याच्या पावत्या, करोडगिरीच्या चिठ्ठ्या असतील त्यांनी त्या पुढच्या बैठकीला आणाव्यात. आणि कोणाकडे नदी ओलांडल्याची आठवण असेल, तर ती लिहून काढावी. आमच्या आजीची मी वेळेवर लिहून घेतली नाही, ऐकलेलं तेवढंच उरलं.