ड्रमची गॅसभट्टी घरी बनवताय? सिलिंडर जोडण्याआधी हे वाचा

मागच्या वर्षीची गोष्ट. घटस्थापनेला आठ दिवस उरले होते. आमच्या कुंभारवाड्यातल्या मामांनी (सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं) घटांचा आवा लावला. शेणी रचल्या, वर पाचट, खापराचे तुकडे, त्यावर मातीचा लेप. रात्री अकराला पेटवला आणि दीडला पाऊस आला. जळत्या आव्यावर ताडपत्री टाकता येत नाही. आम्ही चौघं पत्रे धरून उभे राहिलो, तरी एका बाजूनं पाणी शिरलंच. दुसऱ्या दिवशी आवा उकलला तर निम्म्याहून जास्त घट तडकलेले, राहिलेल्यात बरेच कच्चे. ज्या घरांना पिढ्यानपिढ्या मामांचे घट जातात, त्यांना मामांनी शेजारच्या गावातून विकत आणून घट दिले. पदरचे पैसे घालून.

त्यानंतर मामांच्या पोरानं हट्टच धरला. मोबाईलवर त्यानं लोखंडी ड्रमच्या गॅसभट्टीचे व्हिडिओ बघितले होते. ना धूर, ना पावसाची भीती, सकाळी लावली की संध्याकाळी माल भाजून तयार. माझ्याकडं शेतातल्या कामासाठी वेल्डिंग मशीन आहे, म्हणून मीही त्यात ओढला गेलो. तेव्हापासून आजवर आमच्या अकरा भाजण्या झाल्या. त्यात दोनदा माल गेला आणि एकदा माझ्या भुवया जळाल्या. तालुक्यातले आणखी काही जण अशी भट्टी करायच्या विचारात आहेत, फोन येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

आधी ड्रमचं बघू. दोनशे लिटरचा ड्रम भंगारात कुठंही मिळतो, पण त्यात आधी काय होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. तेल, थिनर, औषध, केमिकल भरलेला रिकामा ड्रम ग्राइंडरनं किंवा गॅस कटरनं कापायला गेलं, तर आतल्या वाफेचा स्फोट होतो. झाकण काढून वास गेला म्हणजे ड्रम सुरक्षित झाला असं नाही. आम्ही ज्यात पाणीच साठवत होतो असा शेतातला जुना ड्रम घेतला. दुसरं, गॅल्व्हनाइजचा पत्रा किंवा पाइप भट्टीच्या गरम भागात लावू नका. त्यावरचं जस्त तापलं की त्याचा धूर विषारी असतो.

ड्रमच्या आत लागतं ते पांढऱ्या कापसासारखं दिसणारं सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट. १२६० अंशाचं, एक इंच जाडीचं मागा. त्याची गुंडाळी साधारण सव्वासात मीटर लांब आणि ६१ सेंटीमीटर रुंद येते. आम्ही ड्रम त्या रुंदीच्या हिशोबानंच कापला आणि वरच्या तुकड्याचं झाकण केलं. दोन थर देऊन एका गुंडाळीत काम भागलं. हे ब्लँकेट भिंतीला धरून ठेवायला स्टेनलेस किंवा नायक्रोमची तार लागते, साधी बांधायची तार दोन भाजण्यांत जळून तुटते. आणि हे ब्लँकेट कापताना तोंडाला चांगला मास्क, अंगात फुल बाह्यांचा शर्ट पाहिजेच. त्याची बारीक कुसळं फुफ्फुसात गेली तर बाहेर निघत नाहीत. मास्क म्हणजे कोरोनातला कापडी नाही. पोरंबाळं लांब ठेवा. काम झाल्यावर आतून पांढऱ्या चिनीमातीच्या पातळ रबडीचा हात दिला की कुसळं उडायची कमी होतात.

खाली तीन-चार विटा उभ्या करून त्यावर फळी, फळीवर माल. विटा भट्टीच्याच पाहिजेत, म्हणजे फायरब्रिक. दगड किंवा सिमेंटचा तुकडा ठेवला तर तापून उडतो. बर्नरचं भोक तळाशी, फळीच्या खाली आणि जरा तिरकं पाडायचं, म्हणजे जाळ मालावर सरळ न मारता गोल फिरत वर जातो. झाकणाला मधोमध तळहाताएवढं भोक, तेच धुराडं. बाजूनं एक छोटं भोक तापमान मोजायच्या थर्मोकपलसाठी. हा खर्च टाळू नका. मामा आव्याचा रंग बघून सांगतात, ते त्यांचं चाळीस वर्षांचं डोळ्याचं काम आहे, आणि तेही रात्री. दुपारच्या उन्हात साडेसहाशे अंश आणि आठशे अंश सारखेच दिसतात.

घाई केली की माल गेला

पहिली भाजणी आम्ही वीस मिनिटांत घालवली. बर्नर मोठा ठेवला, झाकण लावलं, आणि आतून लवंगी माळ लावावी तसा फटाफट आवाज. झाकण उचललं तर खापरांचा ढीग. मडकं वरून कोरडं दिसलं तरी मातीच्या पोटात पाणी असतंच. शंभर अंशाला त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. हळू तापवलं तर ती मातीच्या बारीक भोकांतून निघून जाते. एकदम तापवलं तर मडकं फोडून निघते. जाड बुडाचं मडकं आधी जातं.

मामा त्या दिवशी हसत म्हणाले, "अरं, आवा काय येडा म्हणून रात्रभर धुमसतो का?" आव्यात शेणी खालून हळूहळू धरतात, तो सावकाशपणा फुकटात मिळतो. गॅसला तो अंगात नाही, आपल्याला द्यावा लागतो.

आता आम्ही सकाळी सहाला बर्नर समईच्या वातीएवढा ठेवून लावतो. झाकण दोन बोटं उघडं. पहिले अडीच-तीन तास काटा सव्वाशेच्या वर जाऊ द्यायचा नाही. व्हिडिओत सांगतात, धुराड्यावर आरसा धरा, धुकं धरलं तर अजून पाणी आहे. ते विजेच्या भट्टीला ठीक आहे. गॅस जळतानाच पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळं आपल्या भट्टीत आरसा शेवटपर्यंत धुकं दाखवील. घड्याळ आणि काटा, एवढ्यावरच चालायचं.

पुढं तासाला शंभर अंश या चालीनं सहाशेपर्यंत. मध्ये ५७३ अंशाचा एक टप्पा आहे. वाळूतली गारगोटी, जिला क्वार्ट्झ म्हणतात, ती या अंशाला एकदम फुगते आणि थंड होताना याच अंशाला एकदम आकसते. म्हणून चढताना इथं दम धरायचा आणि उतरताना तर जास्तच. आमची दुसरी खेप अशीच गेली. माल सुरेख भाजला होता, पण रात्री आठला कुणाला तरी बघायची हौस आली आणि झाकण उघडलं. गार वारा लागला आणि टिंग टिंग आवाज करत पणत्यांना केसासारख्या चिरा पडल्या. कुणाला म्हणजे मलाच. आता बर्नर बंद केला की सगळी भोकं बुजवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच झाकण उचलतो.

सहाशेच्या पुढं तासाला दीडशे अंश चाललं तरी माती सहन करते. किती तापवायचं हे मात्र तुमच्या मातीवर आहे, व्हिडिओवर नाही. आपल्या भागात तळ्याच्या गाळात चुनखडीचे बारीक खडे असतात. आठशे-साडेआठशेच्या वर गेलं की त्या खड्याची कळी होते, पानाला लावतो त्या चुन्याची असते तीच. भट्टीतून पणती चांगली निघते. मग हवेतला ओलावा पिऊन ती कळी फुगते आणि आठ-दहा दिवसांनी पणतीचा टवका उडतो, मध्ये पांढरा ठिपका दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, माल कच्चा. माल कच्चा नसतो, चुना असतो. यावर उपाय दोन. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळून घ्या, आणि भट्टी पावणेआठशे-आठशेवर थांबवून वीस मिनिटं तिथंच धरा. खडेच नसलेली लाल माती असेल तर नऊशे-साडेनऊशेपर्यंत जायला हरकत नाही.

माठाला तर जास्त ताप द्यायचाच नाही. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. जास्त भाजून मातीची भोकं मिटली की माठ दिसायला कडक, वाजवला तर खणखणीत, पण पाणी कोमटच.

भुवया कशा जळाल्या

व्हिडिओत बाहेरच्या देशात नुसत्या प्रोपेनच्या टाक्या दिसतात. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेला असतो. कामाला दोन्ही चालतात. पण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखा सरकतो आणि खड्ड्यात, गटारीत, विहिरीत जाऊन बसतो. म्हणून भट्टी उघड्यावर पाहिजे. खोलीत नको, कडब्याच्या गंजीजवळ नको, विहिरीच्या कडेला नको. सिलिंडर भट्टीपासून दहा फुटांवर आणि उभाच. आडवा केला तर पाइपात गॅसऐवजी पातळ द्रव येतो आणि बर्नरमधून जाळाचा लोळ निघतो.

माझ्या भुवयांचं कारण वेगळं. चौथ्या भाजणीला पहिल्या तासात, वाऱ्यानं तो वातीएवढा जाळ विझला. कुणाचं लक्ष नव्हतं. गॅस चालूच, ड्रमात भरत राहिला. मी आलो, बघितलं, लायटर लावला. भक्कन आवाज झाला आणि झाकण दोन हात लांब जाऊन पडलं. मी वाकलो नव्हतो म्हणून एवढ्यावर भागलं. आता नियम केलाय: जाळ विझला तर आधी सिलिंडर बंद, झाकण पूर्ण उघडं, दहा मिनिटं जाऊ द्यायची, मगच परत. पेटवताना काडी आधी धरायची, गॅस नंतर सोडायचा, तोंड बाजूला. आणि पहिले तीन तास एक माणूस भट्टीजवळ बसूनच. चहाला पण जायचं नाही.

घरचा रेग्युलेटर या कामाचा नाही, त्याचा दाब कमी असतो. हाय प्रेशर रेग्युलेटर, दाबाचा काटा आणि त्याच दाबाचा पाइप घ्या. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघा. काडी ओढून गळती तपासणारे अजून आहेत, त्यांना काय म्हणावं? गळती सुटली तर १९०६ हा नंबर फोनमध्ये ठेवा, गॅसगळतीसाठीच आहे.

भाजणी शेवटाला आली की सिलिंडरला दव धरतं, कधी बर्फही. घाबरू नका, गॅस भराभर निघाला की सिलिंडर गार पडतो आणि दाब उतरतो. अशा वेळी खाली शेकोटी करणं, उकळतं पाणी ओतणं म्हणजे जिवाशी खेळ. मोठ्या घमेल्यात विहिरीचं साधं पाणी घेऊन त्यात सिलिंडर उभा ठेवा, पुरतं.

आणि सिलिंडर १९ किलोचा, धंद्याचाच घ्या. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. पकडलं तर सिलिंडर जातो, गुन्हा होतो, आणि घरात स्वयंपाकाला काय हा प्रश्न वेगळाच.

हिशोब जुळतो का?

खरं सांगायचं तर सगळ्या मालाला नाही. आम्ही भाजणीच्या आधी आणि नंतर सिलिंडर काट्यावर ठेवून बघितला. एका खेपेला साडेचार ते पाच किलो गॅस जातो. म्हणजे एका सिलिंडरात तीन खेपा निर्धास्त, चौथीला शेवटी दाब पुरत नाही. एका खेपेत पणत्या बसतात चारशे-साडेचारशे. पणतीमागं दहा-अकरा ग्रॅम गॅस धरा आणि तुमच्या गावच्या आजच्या भावानं गुणा. साध्या पणतीत हातात फारसं काही राहत नाही. नक्षीच्या, रंगवलेल्या पणत्या, दिवे, कपबश्या, शहरात जाणारा बारका माल यात राहतं. डाग नसलेला एकसारखा लाल रंग येतो, दुकानदार त्याचे दोन पैसे जास्त देतो.

माठाचं विचारूच नका. दहा लिटरचा माठ ड्रमात एकच बसतो, भोवती थोडी सुगडं. एका माठाला पाच किलो गॅस जाळणारा माणूस पुढच्या वर्षी धंद्यात दिसणार नाही. एक किलो गॅसची उष्णता म्हणजे साधारण तीन किलो वाळलं लाकूड. पण शेणी घरच्या गुरांच्या असतात, पाचट उसाच्या फडातून येतं. माठाला आव्याशिवाय परवडत नाही.

म्हणून ज्यांना आवा मोडून गॅसवर जायचंय त्यांना मी नको म्हणतो. पावसाळ्यात घट आणि पणत्या अडकू नयेत, एवढ्यासाठी ड्रम जवळ असावा. पैशाची अडचण असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं, अवजारांसाठी १५ हजारांची मदत वेगळी. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, आधार आणि पासबुक घेऊन जा.

यंदा मामांनी ठरवलंय, माठ उन्हाळ्यातच आव्यात भाजून घ्यायचे आणि घटांच्या दोन खेपा ड्रमात लावायच्या. सिलिंडर सांगून ठेवलाय. बर्नरजवळ वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा तेवढा वेल्ड करून द्यायचा आहे, ते काम माझ्याकडं राहिलंय.