वॉलरस

उत्तर ध्रुवीय समुद्रांत राहणाऱ्या एका सस्तन प्राण्याचे इंग्रजी नाव. मांसाहारी गणाच्या ओडोबीनिडी कुलातील ही एकमेव विद्यमान जाती असून तिचे शास्त्रीय नाव ओडोबीनस रोझ्मॅरस असे आहे. नर व मादी या दोहोंनाही सुळे असतात; नराचे सुळे सु. १ मी.पर्यंत वाढतात. समुद्रतळावरील शिंपले हे याचे मुख्य अन्न होय.

‘वॉलरस’ हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला. त्याचा पूर्वार्ध देवमासावाचक असून उत्तरार्धाचा अर्थ ‘घोडा’ असा केला जातो. प्रत्यक्षात हा प्राणी या दोहोंचाही आप्त नसून सीलचा आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘रोस्मह्वाल्र’ हे वॉलरसचे, तर ‘ह्रॉसह्वाल्र’ हे एका प्रकारच्या देवमाशाचे नाव होते. उच्चारसाम्यामुळे या दोहोंची गल्लत झाली असावी. डच भाषेत घटकांचा क्रम उलटला, तो देवमासा या अर्थाच्या ‘वालव्हिस’ या शब्दाच्या धर्तीवर, असे मानतात.

इंग्रजीला हे नाव अगदीच नवे नव्हते. नवव्या शतकाच्या अखेरीस ओहतेरे या नॉर्वेजियन दर्यावर्दीने ॲल्फ्रेड राजाला या प्राण्याचे सुळे भेट दिले. त्याच्या वृत्तांतात ‘हॉर्सव्हॅल’ हा शब्द येतो. पुढे तो लुप्त झाला. मध्यंतरी ‘मॉर्स’ व ‘सी हॉर्स’ ही नावेही रूढ होती. यांपैकी दुसरे नाव आता घोडामासा या अगदी निराळ्या प्राण्याला लावतात. ऑक्सफर्ड कोशासाठी या शब्दाची व्युत्पत्ती जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९१९–२० मध्ये अभ्यासिली. शास्त्रीय नावातील ‘ओडोबीनस’ म्हणजे ‘दातांनी चालणारा’. सुळे रोवून बर्फावर चढण्याच्या सवयीवरून ते पडले.

नावाच्या या प्रवासामागे सुळ्यांचा व कातड्याचा व्यापार होता. स्कॉटलंडमधील ल्यूइस बेटावर १८३१ मध्ये सापडलेली बाराव्या शतकातील बुद्धिबळाची मोहरी बहुतांशी याच हस्तिदंतसदृश द्रव्याची आहेत. अतिशिकारीमुळे सेंट लॉरेन्सच्या आखातातून हा प्राणी अठराव्या शतकाअखेर नाहीसा झाला. नॉर्वेने १९५२ मध्ये त्यास संरक्षण दिल्यावर स्वालबार येथे त्याची संख्या पुन्हा वाढली. सांप्रत समुद्री बर्फाचा ऱ्हास हे त्याच्यापुढील मोठे संकट होय.