हुरूप नेमका कुठे ओसरतो?

शिक्षक किंवा वर्ग न लावता स्पॅनिश शिकायला घेणारे बहुतेक जण सुरुवातीला अडत नाहीत. मराठी माणसाला तर पहिले काही महिने ही भाषा सोपीच वाटते. जवळजवळ लिहिलं तसंच वाचायचं, त आणि द आपल्यासारखेच दंत्य, निर्जीव वस्तूंच्या नामांनाही लिंग असतं हे तर लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. ‘मला पुस्तकं आवडतात’ म्हणताना आपलं क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालतं, स्पॅनिशमध्येही तसंच. इंग्रजी भाषकाला ही रचना उलटी वाटते, आपल्याला ती ओळखीची असते. गळती लागते ती पुढे, भाषाप्रावीण्याच्या युरोपीय श्रेणीतल्या ‘ए२’ आणि ‘बी१’ या पातळ्यांच्या दरम्यान. धडे चालू असतात, पण काही पुढे सरकतंय असं वाटेनासं होतं, आणि शिकणारा स्वतःलाच बोल लावतो की आपल्यात चिकाटी नाही. माझ्या मते हा दोष त्याच्या स्वभावाचा फार थोडा आहे. हुरूप हा दिसणाऱ्या प्रगतीवर जगतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर प्रगती दिसेनाशी होते.

त्यामागचं गणित साधं आहे. कोणत्याही भाषेत थोडेसे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीचे असंख्य शब्द क्वचितच भेटतात. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज किंग्स्ली झिफ यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. स्पॅनिशमधले सर्वाधिक वापरातले हजारभर शब्द आले, की साध्या बोलण्यातल्या दहापैकी आठेक शब्द ओळखीचे होतात. पुढचे हजार शब्दही तेवढ्याच कष्टाने पाठ करावे लागतात, पण समजण्यात पडणारी भर त्या मानाने फारच थोडी. त्यातच इच्छा, शंका, अपेक्षा सांगणारी क्रियापदांची वेगळी रूपं समोर येतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषक अधिकाऱ्याला स्पॅनिशमध्ये कामापुरतं प्रावीण्य यायला साधारण सहाशे ते सातशे तासांचे वर्ग धरते, तेही शिक्षकासमोर, पूर्णवेळ. रोज अर्धा तास काढणाऱ्याने हाच हिशेब मांडला तर तीन-साडेतीन ते चार वर्षं होतात. ‘तीन महिन्यांत स्पॅनिश’ म्हणणाऱ्या जाहिराती म्हणूनच अपायकारक आहेत. ठीक चाललेल्या माणसाला त्या आपण मागे पडलो असं वाटायला लावतात.

यावर कुणी म्हणेल, की म्हणूनच तर ॲपमध्ये सलग दिवसांची मोजणी असते! मूळ ग्वातेमालाचे ल्युइस फॉन आन यांनी २०११ साली सहकाऱ्याबरोबर सुरू केलेल्या ड्युओलिंगोने ही मोजणी घराघरात नेली, आणि रोज बसायची सवय लागण्यासाठी तिचा उपयोग निश्चित आहे. पण बक्षिसाची एक दुसरी बाजू मानसशास्त्राने फार पूर्वी दाखवली आहे. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा त्या कोड्यांमधला रस, पैसे थांबल्यावर, घटलेला दिसला. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांना चित्रं काढणाऱ्या लहान मुलांमध्ये तेच आढळलं. आकडा वाढवण्यासाठी शिकणारा माणूस आकडा तुटल्यावर भाषाही सोडून देतो, हा धोका मला खरा वाटतो. शिवाय त्या तुटण्याची इतकी धास्ती घ्यायचं कारणही नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ९६ जणांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्या सवयी फळ खाण्यासारख्या साध्या होत्या, हे लक्षात घेऊनही खंड पडला म्हणून सगळं संपलं असं मानणं चूकच.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नोकरीसाठी शिकणाऱ्याला गोडी कशाला हवी? कॅनडातले रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी शिकत असलेल्या भाषेच्या लोकांत मिसळण्याच्या ओढीला मोठं महत्त्व दिलं. पण त्यांचं पुस्तक आलं त्याच १९७२ साली यास्मीन लुकमानी यांनी मुंबईतल्या मराठी भाषक शाळकरी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीचा अभ्यास मांडला, आणि तिथे व्यावहारिक हेतूच प्रावीण्याशी अधिक जुळलेला निघाला. तेव्हा पगारासाठी शिकणाऱ्याने संकोचू नये. मात्र त्या मुलांना इंग्रजीचा उपयोग भोवती दिसत होता. पुण्यात किंवा नाशिकात एकट्याने स्पॅनिश शिकणाऱ्याला तो दिसत नाही, तो मुद्दाम जवळ आणावा लागतो. सेर्वांतेस संस्थेच्या ‘डेले’ या स्पॅनिश प्रावीण्य परीक्षेची ठरलेली तारीख हा त्याचा एक मार्ग. ज्याला परीक्षा नको, त्याने मोजमाप बदलावं. ‘रेडिओ आंबुलान्ते’ हा लॅटिन अमेरिकेतल्या सत्यकथा सांगणारा कार्यक्रम लिखित संहितेसह उपलब्ध आहे. त्यातला एक भाग ऐकून किती कळलं ते लिहून ठेवावं आणि दोन महिन्यांनी तोच भाग संहिता न बघता ऐकावा. शब्दांच्या यादीत न दिसणारी वाढ तिथे कानाला कळते. फारच अवघड वाटलं तर शिकाऊंसाठी सावकाश बोललेलं काही निवडावं, कारण निम्मंही न कळणारं ऐकून कुणाचाच हुरूप वाढत नाही. आणि सुरुवातीला देश एकच धरावा. मेक्सिकोच्या बोलण्याला सरावलेला कान अर्जेंटिनात काही काळ गोंधळतो, आणि त्या गोंधळाला शिकणारा आपली पीछेहाट समजतो.